आपलीचं माप

ता. ४ सप्टेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तिसरं आणि शेवटचं वर्ष परवा सुरू झालं. खोली तीच आहे, बूट दुरुस्तीच्या दुकानावरची. सकाळी सहाला खाली खिळे ठोकायला लागतात, त्यामुळे मला गजर लागत नाही. घरमालकीण चांगली आहे, फक्त भिंतीला खिळा मारू देत नाही. खाली दिवसभर खिळे आणि वर एकालाही परवानगी नाही. म्हणून माझी चित्रं जमिनीवर भिंतीला टेकून उभी असतात, शिक्षा झालेल्या पोरांसारखी.

आता मुद्द्याचं. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एकच मोठं काम करायचं असतं. जूनमध्ये ते प्रदर्शनात लागतं आणि त्यावरच पास-नापास ठरतं. आमच्या बाईंनी (त्याच, हाताची घडी घालून चित्रासमोर उभ्या राहतात आणि काहीच बोलत नाहीत त्या) मला विचारलं की कशाचं करणार. इथली भाषा बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवते, पण या वेळी जुळवायच्या आत तोंडातून निघून गेलं की माझ्या आईचं चित्र.

आईचा फोटो आपल्याकडे एकच, तो मी येताना आणला आहे. कुणाच्या तरी लग्नातला, अकरा बायका ओळीत, आई डावीकडून चौथी. नेमकी त्याच वेळी तिने मान वळवली, म्हणून अकरा जणींत तिचंच तोंड पुसल्यासारखं आलंय. ती गेली तेव्हा मी तीन वर्षांची. मला तिचा हात आठवतो, कडेवर बसल्यावर पायाला लागणारं कमरेचं हाड आठवतं, चेहरा नाही. बाबांकडे फोटो असतील, पण दुसरं लग्न करून ते कुठे गेले ते तुलाही माहीत नाही.

तेव्हा आजी, आता तूच राहिलीस. तिचा चेहरा मला सांग. जसा आठवेल तसा लिही, मी काढीन.

तब्येतीला जप आणि माझ्यावरची माया आटू देऊ नको.

तुझ्या मशीनखाली बसून तुझेच खडू खाल्लेली,
खडू


ता. २६ सप्टेंबर

चि. खडूस,
अ. आ.

हे असंच लिहायचं असतं, राग मानू नको. तुला शोभतंही.

पत्र पोचलं. तिकीट टपालवाल्याने मागून घेतलं, तो जमवतो. पन्नाशीचा घोडा झाला आणि तिकिटं जमवतो. मी चौथी नापास बाई, माझं अक्षर लावताना तुला त्रास झाला तर होऊ दे, तुझं लावताना मलाही होतो. फोन कर म्हणून शेजारीण सांगते, पण फोनवर तुझं निम्मं मला ऐकू येत नाही आणि निम्मं तू सांगत नाहीस. पत्रच बरं.

इकडे सगळं ठीक. उंच मास्तरणीचे दोन झगे आलेत शिवायला. नवऱ्याशी भांडलेली परवा येऊन गेली. आता समेट झालाय म्हणे, पण मापाच्या वहीत मी तिचं नाव बदलणार नाही. पुन्हा भांडेल तेव्हा कोण खोडत बसेल.

चेहरा सांग म्हणतेस. चेहरा काय सांगायचा? दोन डोळे, एक नाक, सगळं जागच्या जागी होतं. तुझ्या त्या बाईंना विचार, जिवंत माणसं कमी पडली का. मागे तुम्ही टेबलावर फळं मांडून काढत होतात ना, तेच काढ. संत्र्याची आई कशी होती असं कुणी विचारत नाही.

गेलेल्या माणसाला उसवू नये. उगाच सुतं निघतात.

जेवणाची आबाळ करू नको. आशीर्वाद आहेत, जपून वापर.

आजी


ता. १६ ऑक्टोबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

संत्र्याची गोष्ट मी वर्गात सांगितली. सांगून होईपर्यंत चार जणं निघून गेली होती, पण जी उरली ती हसली.

थंडी पडली आहे. स्टुडिओच्या खिडक्या छतापर्यंत आहेत, त्यातून उजेड छान येतो आणि वाराही. सध्या सकाळी समोर माणूस बसवून चित्र काढायचा तास असतो. एक म्हातारे गृहस्थ येतात, पूर्वी गवंडी होते म्हणे, स्टुलावर तीन तास हलत नाहीत. अंगावर काही नसतं. तू आता कपाळावर हात मारशील, म्हणून आधीच सांगते की त्यांच्या पायाशी शेगडी ठेवतात.

मी बरी आहे. रंगाचा आणि तेलाचा वास नाकात बसतो, मग जेवण नको वाटतं, पण सवय होईल. काल सुईदोरा घेऊन बसले होते. तू शिवलेली काळी विजार कमरेत आत घेतली. वरून टाका दिसत नाही, बघितलं असतंस तर शाबासकी दिली असतीस.

आजी, टाळू नको. कपाळ केवढं होतं? भुवया जाड की बारीक? हसली की गालाचं काय व्हायचं? मला तिला बघायचं आहे. पास होण्यासाठी नाही. रस्त्यात माझ्या आईच्या वयाची बाई दिसली की मी तिच्या तोंडाकडे बघत राहते, आणि ती बाई रस्ता ओलांडून पलीकडे जाते. असं किती दिवस करू?

कळावे. राग असला तरी चालेल, लोभही सोबत राहू दे.

खडू


ता. ८ नोव्हेंबर

चि. खडूस,
अ. आ.

हट्टी आहेस. घे, लिहून घे.

कपाळ रुंद, अंमळ जास्तच. भुवया जवळजवळ, रागावली की एकच व्हायच्या. नाक सरळ पण शेंड्याला बसकं. खालचा ओठ वरच्यापेक्षा भरलेला, रुसायला सोयीचा. हसली की डाव्या गालाला खळी, उजव्याला नाही. कान चिकटलेले. डोळे मोठे नव्हते, पण बघायची असं की समोरच्याने आपलं बटण लागलंय ना ते तपासावं. झालं समाधान?

त्या गवंड्याला म्हणावं, या वयात हे कसले उद्योग? चांगली एक जाड विजार शिवून पाठवते, माप कळव.

सोबत तुझ्यासाठी सदरा पाठवलाय. निळा, जाड सुती, प्रदर्शनात घालायचा. वहीत तुझं जाताना घेतलेलं माप आहे, छाती चौतीस, कंबर अठ्ठावीस, दंड साडेदहा, त्यावर बेतला. आत दोन बोटं माया ठेवली आहे. जाड झालीस तर उसवून मोठा होईल.

विजार आत घेतलीस म्हणतेस, कसली शिवण घातलीस? धावदोरा घातला असशील तर चार दिवसांत सुटेल. कमरेला उलटी टीप घालायची असते. शिकवलं ते सगळं रंगात बुडवलंस की काय.

थंडीत कान झाक. माझा देह तिकडे येत नाही, पण मन येतं, त्याला तिकीट पडत नाही.

आजी


ता. १४ डिसेंबर

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

सदरा मिळाला. अजून घातला नाही, जूनसाठी ठेवलाय. उशीखाली घेऊन झोपते, नव्या कापडाचा वास अजून आहे.

आजी, तू लिहिलंस आणि मी पहिल्यांदा हात सुटल्यासारखी काढत बसले. सात चित्रं झाली आहेत, कोळशाची, सोबत पाठवतेय. घडी मोडताना हळू उघड, फुंकर मारू नको. प्रत्येकावर आकडा घातलाय. कुठलं जवळचं, काय चुकलं ते कळव.

आणि एक विचारायचं आहे. काढताना मला सारखं वाटत होतं की हे तोंड ओळखीचं आहे. नाक, तो ओठ. म्हणजे मी तिच्यासारखी दिसते का? तू कधी बोलली नाहीस. मी आरशासमोर उभी राहिले आणि इतकी हसले की खालून बूटवाल्याने छताला काठी मारली.

तुझ्या पत्राची वाट अशी बघतेय, जशी तू गिऱ्हाइकाची बघतेस.

खडू


ता. ९ जानेवारी

चि. खडूस,
अ. आ.

चित्रं पोचली. माझे हात काळे, टेबल काळं, उंच मास्तरणीच्या पांढऱ्या कापडाला एक बोट लागलं, ते धुवून काढलं. असली काजळी कुणी टपालाने पाठवतं का?

चौथं. बाकीच्या सहा कुणीतरी परक्या बायका आहेत, चौथी तीच. फक्त डाव्या भुवईत बाहेरच्या बाजूला बारीकसा खंड होता, तिथे केस नव्हते. तेवढा घाल, म्हणजे झालं.

चौथं मी मशीनसमोर लावलंय. दोन दिवस सुई ओवायला वेळ लागतोय, डोळ्यांना काहीतरी झालंय.

दिसतेस तिच्यासारखी. आता डोक्यात हवा जाऊ देऊ नको. आशीर्वाद.

आजी


ता. ११ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मी चौथं चित्र मोठ्या कॅनव्हासवर घेतलं. माझ्या उंचीचा कॅनव्हास आहे. तीन आठवडे त्यावर होते. परवा शेवटी भुवईतला खंड घातला, कुंचल्याचा एकच फटका. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी विचारलं की तू तर म्हणाली होतीस आईचं चित्र काढणार, मग स्वतःचं का काढलंस.

मी म्हटलं की आम्ही सारख्या दिसतो. त्यांनी माझ्या भुवईकडे बोट केलं आणि पुढच्या चित्राकडे गेल्या.

आजी, ती खोक मला मशीनच्या पायट्यावर पडून झाली. मी पाच वर्षांची होते. तूच हळद दाबलीस, तूच ओरडलीस. आई तेव्हा दोन वर्षांपूर्वीच गेली होती. तिच्या भुवईत ती कुठून येणार?

तू मला माझंच तोंड सांगितलंस. कपाळ माझं, ओठ माझा, खळी माझी. आणि मी वेडी आरशासमोर उभी राहून आईला भेटले म्हणून हसत होते. का केलंस असं? नाही सांगायचं होतं तर संत्र्यावरच थांबायचं होतंस.

कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. आता चार महिने उरलेत आणि माझ्याकडे काही नाही.

नमस्कार.

खडू


ता. ३ मार्च

चि. खडूस,
अ. आ.

तुला फसवलं नाही. मीही फसले. खरं लिहिते, एकदाच लिहीन.

मला तिचा चेहरा आठवत नाही. तू विचारलंस तेव्हा डोळे मिटून बसले, तर तुझंच तोंड आलं. वीस वर्षं रोज तुझं तोंड समोर होतं. तिच्या तोंडावर ते कधी बसलं मला कळलं नाही. पोटच्या पोरीचं तोंड विसरते ती कसली आई, असं तुला वाटलं तर वाटू दे. मला आधीच वाटून झालंय.

पण ऐकून घे. तुझे आजोबा लवकर गेले, मी मशीनवर बसले. मशीनवर बसणाऱ्या बाईची मान खाली असते. ती शाळेतून आली की मला तिचे पाय दिसायचे. माप घेताना उभी राहायची, तेव्हाही माझी नजर टेपवर. माणसाच्या तोंडाकडे बघत बसले असते तर रात्री चूल पेटली नसती.

तिचे खांदे विचार, सांगते. उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धं बोट खाली, दप्तराने नाही, जन्माचाच. मान लांब, मागे मणका वर आलेला, गळा खोल घेतला की दिसायचा म्हणून ती उथळ घ्यायला लावायची. डाव्या दंडावर देवीची खूण, बाही तिच्याखाली एक बोट हवी. माप घेताना श्वास धरायची, बारीक दिसायला. मी चिमटा काढायची की सोडायची. हे सगळं माझ्या बोटांत आहे, अंधारातही सांगेन.

वहीत तिचं पान आहे. मी नावं लिहीत नाही हे तुला माहीत आहे. तिच्या पानावर आपली असं लिहिलंय. सहाव्या वर्षाच्या फ्रॉकपासून शेवटपर्यंत एकोणतीस मापं आहेत, प्रत्येकासमोर ती किती वर्षांची ते. वही देणार नाही, ती मशीनच्या खणातच राहील. दोन दिवस बसून सगळी मापं उतरवली आहेत, सोबत आहेत. चेहरा मागितलास, तो नाही. हे आहे.

पटलं तर घे. नाही तर चुलीत घाल, पण जेवून घाल.

आजी


ता. १९ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

मापं मिळाली. रागात लिहिलेल्या पत्राबद्दल माफी नंतर मागेन, आधी एक विचारायचं आहे.

शेवटची चार मापं एकाच वर्षातली आहेत. छाती चौतीस, मग साडेबत्तीस, मग एकतीस, मग एकोणतीस. दंड साडेअकरा, दहा, नऊ, आठ. तू उतरवताना चुकलीस का? मी जमिनीवर खडूने आखून बघितलं. शेवटचं माप तिच्या तेराव्या वर्षाच्या मापावर येऊन बसतं.

ताप आला आणि गेली, एवढंच तू मला सांगत आलीस. आजी, तिला काय झालं होतं?

खडू


ता. ७ एप्रिल

चि. खडूस,
अ. आ.

चुकले नाही. माझं गणित कच्चं असेल, माप नाही.

तू तेव्हा दोन वर्षांची. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची, तुला कडेवर घेऊन माझ्याकडे यायची. एकदा म्हणाली की झंपर सैल होतात, जरा आत घेऊन दे. मी टेप लावली. दीड इंच घटली होती. मी विचारलं की सासरी खायला घालत नाहीत का. ती हसली, मी हसले, शिवण आत घेतली. तीन महिन्यांनी पुन्हा आली, पुन्हा दीड इंच. मी म्हटलं की बायका पोर झाल्यावर सुटतात, तू आटतेयस, नशीब काढलंस. ती म्हणाली की भूकच लागत नाही, कसलाही वास नको वाटतो. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. तोंडात टाचण्या धरल्या की बोलता येत नाही, आणि मला वाटायचं ऐकायचंही नसतं. तिसऱ्या वेळी दोन इंच घटली होती. हात वर करून उभी होती, ते हात थरथरत होते, आणि मी तिला म्हटलं की नीट उभी राहा, माप चुकेल.

टेप सांगत होती. मी आकडा लिहीत होते.

आणि आता ऐक, हे मी कुणाला सांगितलं नाही. माझा हात वाईट असता तर ती वाचली असती. मी इतकं चापून बसवलं की कुणाला काही दिसलंच नाही. नवऱ्याला नाही, सासूला नाही, शेजारणींना नाही. उलट बायका येऊन म्हणायच्या की काय फिटिंग आहे, आणि मी फुगून बसायची. अंगावर झंपर लोंबला असता तर वाटेवरच्या कुणीही विचारलं असतं की पोरी, काय होतंय तुला. ते मी होऊ दिलं नाही. दर वेळी आत घेतलं आणि जादा कापड कापून टाकलं. माया ठेवली नाही. म्हटलं, आता परत कशाला जाड होतेय.

डॉक्टर म्हणाले की सहा महिने आधी आणायला हवी होती. सहा महिने आधी ती माझ्यापुढे हात वर करून उभी होती.

ताप आला हे खोटं नाही. शेवटी आलाच. बाकीचं मी शिवणीत घातलं आणि वरून टाका दिसू दिला नाही.

पत्र रडून भिजवू नको, मला शाई पुसट दिसते. मी रडत नाही, उद्या उंच मास्तरणीला झगा द्यायचाय. तुला माझ्यावर लोभ ठेवावा वाटला तर ठेव, विनंती करायचं तोंड मला नाही.

आजी


ता. १२ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

एवढे दिवस लिहिलं नाही. रागाने नाही. तुझं पत्र खिशात घालून काम करत होते.

कॅनव्हास परत दिला. त्याऐवजी काळं कापड घेतलं, जाड, एका माणसाच्या दीडपट उंच, आणि तुझ्यासारखं जमिनीवर पसरून गुडघ्यावर बसून आखलं. एकोणतीसच्या एकोणतीस मापं, पांढऱ्या खडूने, एकाभोवती एक. सहाव्या वर्षाची सगळ्यात आतली, मग बाहेर, मग आणखी बाहेर. खांदा प्रत्येक रेघेला उजवीकडे अर्धं बोट खाली. सव्विसाव्या रेघेपुढे बरेच दिवस हात चालला नाही. सव्विसावी रेघ सगळ्यात बाहेरची, त्यानंतरच्या तीन परत आत वळतात. त्या मी शेवटच्या दिवशी घातल्या. चेहरा नाही. मान जिथे संपते तिथे रेघा मोकळ्या सोडल्या आहेत.

खडू पक्का करायचं औषध फवारतात, मी फवारलं नाही. बाई म्हणाल्या की लोकांच्या येण्याजाण्याने झडेल. मी म्हटलं की झडू दे. त्या बराच वेळ उभ्या होत्या. मग हाताची घडी सोडली आणि खिशातून रुमाल काढला. एवढंच. पास झाले.

प्रदर्शनात एक बाई खूप वेळ बघत होती. मला म्हणाली की आतल्या रेघा म्हणजे लहानपण ना, किती गोड. मी हो म्हटलं. मला त्यांच्या भाषेत दुसरं काही जुळवता आलं नाही.

कामासमोर उभी राहून काढलेला माझा फोटो सोबत आहे. निळा सदरा घातलाय, बघ. अगदी मापात बसला, सगळ्यांनी विचारलं कुणी शिवला.

आजी, मी तुझ्यावर रागावलेली नाही. हे लिहायला दोन महिने लागले, पण लिहिलं. लोभ आहे, तो मागायचा नसतो.

खडू


ता. २ जुलै

चि. खडूस,
अ. आ.

फोटो पोचला. बटणवाल्याकडून भिंग आणलं आणि खिडकीत बसून बघितला. कापडावरची ती तीच आहे. शेजारीण म्हणाली की तोंड कुठाय, मी म्हटलं खांदा बघ. पाचव्या रेघेला काखेजवळच्या मुंढ्याचा बाक चुकलाय, पण आठ वर्षांची असताना ती कुठे एका जागी उभी राहायची, तेव्हा चालेल. आत वळलेल्या तीन रेघांवर बोट ठेवलं होतं. उचललं तेव्हा भिंगावर वाफ आली होती.

मग तुझ्याकडे बघितलं.

सदरा मापात बसलाय असं लिहितेस. चेहरे बघायला मी शिकले नाही, पण खांदे चाळीस वर्षं बघतेय. तुझी खांद्याची शिवण दोन बोटं खाली दंडावर उतरलीय. काखेत घोळ आहे. समोरून गुळगुळीत दिसतोय म्हणजे मागे टाचण्या लावल्या आहेत. किती लावल्यास?

ऑक्टोबरात तू लिहिलं होतंस की जेवण नको वाटतं आणि विजार आत घेतली. पत्र शोधून काढलं. त्यावर मी काय लिहिलं होतं तेही मला आठवतंय. कसली शिवण घातलीस, ते विचारलं होतं.

सोबत माझी टेप पाठवतेय. हीच ती. पहिले दोन इंच झिजलेत, तिसऱ्यापासून धर आणि वजा कर. स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, कुणाला तरी सांग. श्वास धरायचा नाही. छाती, कंबर, दंड. आकडे खरे लिही. तोंडाने माणूस काहीही सांगतं.

आजी


ता. २० जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

टेप घेऊन दोन दिवस बसले होते. माप घ्यायला सांगावं असं इथे कोण आहे ते आठवेना. शेवटी घरमालकिणीचं दार वाजवलं. तिने चष्मा लावून घेतलं. टेप दुसऱ्यांदा लावून बघितली, चुकली असं तिला वाटलं.

छाती साडेतीस. कंबर चोवीस. दंड साडेआठ.

टाचण्या चार होत्या.

नवा सदरा शिवू नको.

खडू


ता. ८ ऑगस्ट

खडू,

माप मिळालं. वहीत लिहिलं नाही. मशीनवर झाकण घातलंय. शेजारणीच्या फोनजवळ बसून आहे, कान फुटला तरी ऐकीन.

काय होतंय पोरी तुला?

आजी